न लागलेली आग

चिंचवड, मार्च १९५५, शुक्रवार

परवा कचेरीत एका विमा कंपनीचा प्राप्तिकर ठरवताना दिसलं, की आगीच्या विम्याच्या हप्त्यांतला बराच भाग त्यांनी नफ्यात धरलेलाच नाही. मी त्यावर कर लावायला निघालो, तर साहेबांनी माझी खूण खोडली. म्हणाले, "एवढा भाग नियमानंच सोडायचा असतो. त्यांचं वर्ष संपलं, तरी पॉलिसीची मुदत संपलेली नसते; पुढं आग लागली, तर भरपाई यातूनच द्यायची." मी मान हलवली, पण पटलं नाही. जी आग लागलीच नाही, तिच्यासाठी सूट कशाला?

आज स्टेशनवरून घरी येताना करीमभाईंच्या लाकडाच्या वखारीशी थांबलो. ही वखार गेल्या महिन्यात जळाली. करीमभाई नवे वासे उतरवून घेत होते.

"विम्याचे पैसे आले का?"

"आले की, भाऊ. परवाच."

"विमा उतरवला कधी होता?"

"दिवाळीत. पोरं हसली होती मला."

मी तिथंच उभा राहिलो. डिसेंबरात विमा कंपन्यांचं वर्ष मिटलं, तेव्हा ही वखार धडधाकट उभी होती. माझ्या हिशेबानं करीमभाईंचा सगळा हप्ता तेव्हाच नफा झाला असता. आणि कायदा लिहिणाऱ्या कुणाला तरी, ज्यानं चिंचवड कधी पाहिलंही नसेल, ही न लागलेली आग दिसली होती! इतका दूरचा विचार रुक्ष कलमात असतो?

घरी येईपर्यंत पिंपरीकडे नव्या कारखान्यांचे दिवे लागले होते. त्यातल्या प्रत्येकासाठी कुठंतरी थोडे पैसे राखून ठेवलेले असतील, आणि आमच्या कचेरीनं त्यांना हात लावलेला नसेल. कितीतरी वेळ बघत राहिलो.