शेजारच्या कुंपणावरची लाल फळं

प्रिय आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. मी खुशाल आहे. वेळेवर जेवते, स्वेटरही घालते. बाबांचा गुडघा कसा आहे?

नाताळच्या सुट्ट्यांसाठी मी नोकरी करते त्या वृद्धाश्रमाचं जेवणघर सजवायचं काम मी मोठ्या तोऱ्यात अंगावर घेतलं. "विकतचं कशाला? माझी आई सगळं पानाफुलांचंच करते," असं सगळ्यांना ऐकवलं. सुकी पानं नि शेंगा जमवल्या, पण रंग काही भरेना. मग शेजारच्या कुंपणावरच्या लाल फळांच्या डहाळ्या न विचारताच कापून आणल्या. या सगळ्याची गुंफलेली माळ इतकी देखणी झाली की इथल्या आज्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी शेजारचे आजोबा आले. माळेकडे बघत हळूच म्हणाले, "छान केलीस गं. पण थंडीत पाखरांना दुसरं काही मिळत नाही, म्हणून मी ती फळं तोडत नाही."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सगळ्यांसमोर माळ उतरवली आणि त्यांच्या कुंपणावर नेऊन बांधली. दुसरं टोक त्यांनीच धरलं.

आता आज्या खिडकीशी खुर्च्या ओढून पाखरं बघत बसतात. मलाही हाका मारतात, पण मी भांडी विसळायचं निमित्त करून आतच राहते.

बाबांना यातलं काही सांगू नकोस. ते चारचौघांत माझं फार कौतुक करतात.

तुझीच,
धाकटी