छकुलीच्या छातीतली शिट्टी

प्रिय राणीसरकार,

चुकीच्या निदानाची खरी किंमत सांगतो: चार दिवस दम्याची वाफ, दोन्ही हातांवर सुयांचे निळे डाग आणि आपल्या छकुलीचं हसू. पण घाबरू नकोस, आता खरं कारण सापडलंय.

सकाळी मी तिच्या पाठीला कान लावला. जन्मभर इंजिनं ऐकलेला हा कान, तो फसत नाही हे तुला ठाऊकच आहे. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "बाई, दम्याची शिट्टी फक्त उजवीकडेच कशी वाजते?"

"मेकॅनिकसाहेब, सरका जरा," म्हणाल्या. दोन्ही बाजूंनी बराच वेळ ऐकलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "श्वासनलिकेत काहीतरी अडकलंय. लगेच काढावं लागेल."

तिला आत नेऊन तास झाला. दार वाजलं की मी उभा राहतो. तू तिकडे माहेरी वेळेवर जेवतेस ना? बाळ झोपू देतं का?

आत्ताच तिला बाहेर आणलं. शेंगदाणा निघाला. श्वास मोकळा झालाय. डोळे उघडून "बाबा, घरी" एवढंच म्हणाली.

एक मात्र लपवत नाही. पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं होतं, "खाताना ठसका लागला होता का?" मी छातीठोक "नाही" म्हणालो. दाणे ती गॅरेजमध्ये माझ्या शेजारीच बसून खात होती. मी इंजिन ऐकत होतो.

तुझाच,
छकुलीचा बाबा