दोडक्याच्या वेलावरचे डास

पाटोदा, १४ सप्टेंबर, रविवार

गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं?

माझा धाकटा भाऊ सुनील डेंग्यूनं गेला तेव्हापासून आई रोज दिवेलागणीला दोडक्याच्या वेलाखाली कडुलिंबाचा धूर करते, आणि पानांवरचे लांब पायांचे किडे चिमटीत चिरडते. "ह्या डासांनीच नेलं माझ्या लेकराला," म्हणते. आम्ही कुणी अडवलं नाही. तिचा राग कुठंतरी निघत होता.

आज शाळेतलं भिंग घरी होतं, म्हणून एक किडा जवळून पाहिला. डास नव्हताच! काडीसारखं अंग, केसासारखे पाय आणि प्रत्येक गुडघ्याशी बारीक गाठ. मिशा अंगाएवढ्या लांब. सोंड पोटाखाली दुमडलेली, वेलाचा रस ओढायला. मोबाईलवर शोधलं तर इंग्रजी नाव सापडलं, स्टिल्ट बग. माणसाच्या रक्ताशी याचा काही संबंध नाही. मी विज्ञान शिकवते, आणि मला हे आज दिसतंय?

आणि मी लगेच पळत जाऊन आईला सांगितलं. कशाला? भिंगही दिलं हातात. तिनं लई वेळ पाहिलं. त्या गुडघ्यांच्या गाठी... सुनीलचेही गुडघे असेच, काटकुळ्या पायांवर मोठे दिसायचे.

"हे न्हाईत?"

"न्हाई गं आई. पाल्यावर जगतात बिचारे."

तिनं बोटं पदराला पुसली. परत पुसली. कडुलिंबाच्या पाल्याचं घमेलं न पेटवताच बाजूला सारलं.

"मंग," ती म्हणाली, "सुन्याला चावलेला कुठं हाय?"