बुढापाऱ्यातल्या ओट्याची जाळी

मी, पद्मिनी नीलकंठ वाठोडकर, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त प्राध्यापिका, राहणार बुढापारा, रायपूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय स्वहस्ते लिहिते. डोके शाबूत आहे. माझी भाषणे ऐकलेल्यांना त्याचा त्रास झालेला आहेच. आधीचे मृत्युपत्र रद्द.

१. पतीकडून मला आलेले घर, रस्त्याकडच्या ओट्यासह, पुतणी ईरा हिला द्यावे. तिचा भाऊ अभिनव, ओटा स्मारक समितीचा सचिव, याला काहीही देऊ नये. कारण लिहून ठेवते.

एकोणीसशे बत्तीस साली माझ्या सासूबाई गोदावरीबाई समोरच्या दुकानातल्या विलायती कापडाविरुद्ध शेजारणींसह या ओट्यावर बसल्या. पोलीस त्यांना शहराबाहेर सोडत. त्या चालत येऊन पुन्हा बसत. मी फक्त एका पाटीला संमती दिली होती. समितीने संगमरवर घातला, लोखंडी जाळी ठोकली.

काल, दोन ऑक्टोबरला, उद्घाटन होते. बीरगावच्या बंद कारखान्यातल्या बाया थकलेल्या मजुरीसाठी सकाळीच येऊन ओट्यावर बसल्या.

अभिनव म्हणाला, "काकू, ह्या इथं काहून बसून राहिल्या? पॉलिश खराब होते. मंत्रीजी येऊन राहिले."

"तुझी आजी इथं पॉलिश करायला बसली होती काय रे?"

"ते देशासाठी होतं."

बायांपैकी शारदा त्याला म्हणाली, "भैया, तोर पथरा ल नइ खावन." तुझा दगड खाणार नाही, एवढेच.

त्याने पोलीस बोलावले. बायांना गाडीत घालून शहराबाहेर सोडले. त्या चालत परतल्या, तेव्हा जाळीला कुलूप होते आणि आत मंत्री अहिंसेवर बोलत होते. श्रोते टाळ्या वाजवत होते.

२. सत्कारांत मिळालेल्या शालींत ऊब कधीच नव्हती. त्यांची फरशीपुसणी करावीत. पुस्तके बीरगावच्या कामगारांच्या खोलीत ठेवावीत.

३. शोकसभा घेऊ नये. अभिनव बोलायला उभा राहिलाच, तर लोकांनी घरी जावे.

४. माझे तेरावे करू नये. त्या खर्चात ईराने जाळी कापून काढावी.

५. कलम चार वाचून दाखवल्यावर शारदा म्हणाली, "दीदी, तोर मरे के अगोरा काबर करबो?" माझ्या मरणाची वाट कशाला पाहायची, हे मला पटले. जाळीपुरते ते कलम रद्द. वेल्डर मारोती कापायला लागला आहे. अभिनवचा फोन वाजतो आहे. उचलणार नाही.

सही: पद्मिनी नीलकंठ वाठोडकर

आमच्यासमोर सही झाली. आम्हाला यातून काही मिळायचे नाही:
शारदा साहू, बीरगाव
मारोती ढोबळे, बीरगाव (सहीपुरते काम थांबवून)

स्थळ: घराचा ओटा, बुढापारा, रायपूर
दिनांक: ३ ऑक्टोबर २००४