आपण टिटवे कसे झालो

प्रिय बारक्या,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. लेकीला शाळेत आपल्या आडनावाची गोष्ट सांगायची आहे, तेव्हा ताई, आपण टिटवे कसे झालो ते तूच नीट लिहून पाठव, असं म्हणालास. रोज कागद पुढ्यात घेते आणि ठेवून देते. मी आळशी नाही, हे तुला ठाऊक आहे. पण खरं लिहायचं तर एक नाही, दोन गोष्टी लिहाव्या लागतात, आणि दुसरी लिहायला हात धजत नाही.

माझ्या वर्गात घारे होते, पारवे होते, एक गोरापान कावळे होता, आणि मी. बाई हजेरी घेताना म्हणायच्या, पोरांनो, नावं पुकारू की दाणे टाकू? त्या तिघांना सगळे हसायचे. माझी पाळी आली की जरा गप्प व्हायचे, टिटवी ओरडली की वाईट होतं म्हणतात ना. मी रडत घरी आले की बाबा जवळ घेऊन सांगायचे, अगं, पणजोबा बंधाऱ्यावर राखणदार होते. बंधारा फुटला तेव्हा टिटवीसारखे ओरडत गावभर पळाले, म्हणून गाव वाचलं. वर म्हणायचे, टिटवीसुद्धा समुद्र आटवते, तू कसली रडतेस! बाबा स्वतः कागदाच्या कारखान्यात भोंगा वाजवायचे, त्यामुळे मला ते सगळं खरंच वाटायचं.

पण ते खरं नव्हतं. आत्या अंथरुणाला खिळली तेव्हा तिने मला सांगितलं. पणजोबा ओरडलेच नाहीत. पाणी दिसताच त्यांनी आपली पोरं उचलली आणि मुकाट्याने टेकडी गाठली. खाली लोक जेवायला बसले होते. त्यातले बरेच पुन्हा उठले नाहीत. उरलेले लोक चिडवायला पणजोबांच्या मागे टिटवीचा आवाज काढायचे. पुढे आडनावं लिहायला कारकून आला, तेव्हा तिथे दुसरं काहीही सांगता आलं असतं. आत्या म्हणाली, "तुझ्या पणजोबांनी स्वतःच टिटवे लिहायला लावलं. विसरू नये म्हणून."

मी त्यांना नावं ठेवायला गेले नाही. कुठल्या तोंडाने ठेवणार? अजून कारखान्याच्या याच वसाहतीत राहते. बारा वाजता भोंगा होतो आणि हातातलं काम थांबतं. लाटणं असलं तर लाटणं, सुई असली तर सुई. शेजारीण म्हणते, एवढ्या वर्षांत सवय नाही झाली? मी हसून वेळ मारून नेते. आपली मधली बहीण गेली तेव्हा पाच वर्षांची होती. अजूनही ताटं मांडताना माझ्याकडून एक जास्त मांडलं जातं.

परवा तुझी बायको फोनवर सांगत होती, लेक आठ वर्षांची झाली तरी तू तिला पोहायला जाऊ देत नाहीस. रस्त्यातही तिचा हात असा आवळून धरतोस की पोरगी कळवळते. मधलीचा हात तुझ्या हातातून सुटला, असं तू बायकोला लग्नानंतर सांगितलंस म्हणे. ते ऐकलं, म्हणून आज हा कागद ठेवून दिला नाही.

बारक्या, मधलीचा हात तुझ्या हातात नव्हताच. कारखान्यामागच्या हौदाकडे जायचं नाही, असं बाबांनी बजावलं होतं, आणि तुम्हा दोघांना तिथे मीच नेलं. ती माझ्या डोळ्यांदेखत हौदात घसरली. मार बसेल म्हणून मी तुला कडेवर घेतलं आणि घराकडे पळाले. तू जेमतेम चार वर्षांचा, पण जिवाच्या आकांताने ओरडत होतास, मधली पडली, मधली पडली. कॅन्टीनच्या दारात चार माणसं उभी होती, त्यांनी ऐकलं असतं. मी तुझं तोंड दाबून धरलं, थेट घर येईपर्यंत. मग आईने विचारलं, मधली कुठंय, आणि बाबांनी भोंगा वाजवला तोवर उशीर झाला होता. तू महिनाभर बोलला नाहीस. तिचा हात कुणी धरला होता, असं आईने विचारलं तेव्हा मी नुसतं तुझ्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षं ते ओझं मी तुला वाहू दिलं. मला माफ करू नकोस, पण लेकीला सांग, तिचा बाप ओरडला होता.

तुझीच, तुला तोंड दाखवायची लाज वाटणारी,
ताई