नऊ माशांची टाकी आणि खालच्या दोन खोल्या

ज्या सकाळी हे लिहायला घेतले, त्या सकाळी मी नेहमीप्रमाणे आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला आणि मग टाकीतले मासे मोजले. नऊ भरले. पोहते क्रोमिस मोजणे सोपे नाही. सगळे एका मापाचे, एकाच हिरव्या-निळ्या रंगाचे, आणि एक वळला की सगळे वळतात. मी तीनदा मोजले, तीनदा नऊच आले. माझे डोके ठिकाणावर आहे याला आणखी पुरावा हवा असेल, तर वकिलांनी स्वतः येऊन मोजून पाहावे.

तर मी, वय वर्षे एकोणपन्नास, धंदा पाण्याचे पंप दुरुस्त करणे, कंबर सोडता धडधाकट, कोणी शिकवले म्हणून नव्हे आणि कोणाला भिऊनही नव्हे, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय करावे ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. सात वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. ते रागात लिहिले होते. अक्षर मात्र चांगले होते.

एक खुलासा आधीच करतो. मी गावच्या शाळेत शिकलो. आमचे गुरुजी म्हणत, चुकले तर खरवडू नका, शाईने बरबटू नका. एक सरळ रेघ मारा, खालची चूक वाचता आली पाहिजे, आणि पुढे खरे काय ते लिहा. या कागदात एका ठिकाणी मी तसे केले आहे.

कलम एक. घराचा वरचा मजला आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या पत्नीचे. त्याचे काय करावे याबद्दल तिला कोणी सल्ला देऊ नये. तिने मागितला तर द्यावा. ती मागणार नाही.

कलम दोन. दुकानातली हत्यारे माझ्या मेहुण्याला द्यावीत, कारण त्याचाही धंदा हाच आहे. मोठा पाइप पान्हा सहा वर्षांपासून त्याच्याचकडे आहे. तोही आता त्याचाच झाला असे मी जाहीर करतो, म्हणजे मी गेलो की तो दाराआड लपवण्याचे त्याचे कष्ट वाचतील. हे कलम आजपासूनच लागू धरले तरी चालेल.

कलम तीन. खाऱ्या पाण्याची सहा फुटी टाकी, त्यातले प्रवाळ, दगड, मोटरी आणि नऊ क्रोमिस माझ्या मुलीला. ती म्हणाली, "बाबा, मासे देताय की नोकरी?" दोन्ही देतो आहे. म्हणून सूचना लिहितो.

हे मासे थव्याने राहतात, म्हणून लोकांना ते गरीब वाटतात. तसे नाही. हे डॅमसेल कुळातले आहेत, आणि त्या कुळात गरीब कोणी नसतो. दाणा दिवसातून चार वेळा, चिमूट-चिमूट, मोटरीच्या प्रवाहात सोडावा, म्हणजे तो सगळ्या टाकीभर पसरतो आणि कोणाला त्यावर पहारा करता येत नाही. दगड रचताना नऊ माशांसाठी निदान पंधरा फटी ठेवाव्यात. झोपायला प्रत्येकाला स्वतःची फट लागते, आणि भांडण झाले तर पळायला आणखी काही. एखादा फार दांडगाई करू लागला तर त्याला मारू नये, विकू नये. भोकाच्या टोपलीत घालून आठवडाभर त्याच टाकीत टांगावे. बाहेर येतो तेव्हा तो सर्वांत नवा असतो, आणि नव्याला सांभाळूनच वागावे लागते. कधी नवे आणायचे झाले तर एकटादुकटा आणू नये, चार-पाच एकदम आणावेत, सगळे सारख्या अंगाचे. दोन वर्षे मी असे करतो आहे आणि दोन वर्षांत एकही गेलेला नाही. तिलाही जमेल. ती माझ्यापेक्षा शांत आहे.

कलम चार. यात वस्तू नाही, पण हे लिहिल्याशिवाय पुढचे कलम कळणार नाही.

नऊ वर्षांपूर्वी मी पहिले सात क्रोमिस आणले. त्याच वर्षी आमचे वडील गेले. जाण्याआधी ते एवढेच म्हणाले होते, "वरचं तुझं, खालचं त्याचं. कागद तेवढा तू कर." घर माझ्या नावावर होते. तो म्हणजे माझा धाकटा भाऊ. घरांना रंग देतो, खालच्या दोन खोल्यांत त्याचा संसार आहे. कागद मी त्याच महिन्यात करणार होतो.

एका रविवारी भाऊ वर आला आणि टाकीची काच आतून पुसायला त्याने मला हात दिला. दोन दिवसांनी एक मासा दिसेना. आठवड्याने दुसरा गेला. मी आतल्या जिन्यावर उभा राहून, त्याची बायको ऐकत असताना, म्हणालो, "तुझ्या टर्पेंटाइनच्या हातानं मेले."

"दादा, मी हात धुतले होते."

"ज्याला हात धुता येत नाहीत, त्याला घर काय सांभाळता येणार?"

संध्याकाळी त्याने जिन्याच्या दाराला आतून कपाट लावले. तेव्हापासून तो मागच्या दाराने ये-जा करी. कागद मी केला नाही. पुढे मृत्युपत्रात लिहिले की माझ्यामागे त्याने खोल्या रिकाम्या कराव्यात.

भाऊ वर यायचा बंद झाला, तरी मासे मरतच राहिले. पाचाचे चार झाले, चाराचे दोन. हे मला दिसत होते. कळत नव्हते असे लिहिणार होतो, पण देवाला स्मरून लिहितो आहे. मला ते कळून घ्यायचे नव्हते. शेवटी एक उरला. तो मजेत होता, चांगला गलेलठ्ठ.

दोन वर्षांपूर्वी कंबर धरली आणि डॉक्टरांनी पंधरा दिवस घरी बसवले. ज्यांच्याकडून मी टाकीतले मासे घेतो ते मासेवाले काका समाचाराला आले. टाकीकडे बघून म्हणाले, "साताचा एक झाला ना? खायला किती वेळा घालता?"

"एकदा. कामावर जाताना. कोपऱ्यात."

"म्हणजे गुरांना वैरण टाकतात तसं. मग जो दांडगा तो कोपरा धरणार. बाकीचे मार खाणार आणि उपाशी मरणार. एकच उरायचा."

"आणि टर्पेंटाइन?"

"कसलं टर्पेंटाइन? त्यानं प्रवाळ आधी मेलं असतं. तुमचं तर छान फुललंय."

मी गावात वाढलो. एकदा वैरण टाकली की काम झाले, असेच शिकलो होतो. लहानपणी मीच बघितले होते की मारका बैल गव्हाणीवर दुसऱ्याला येऊ देत नाही. पण मासा आणि बैल एकच, हे सुचायला सहा मासे जावे लागले.

तेव्हापासून देवाची माफी मी रोज मागत होतो. ते सोपे होते. देवाकडे जायला जिना उतरावा लागत नाही. तो उरलेला एक इथेच म्हातारा होऊन मेला असता, पण मी त्याला काकांकडे मोठ्या टाकीत पाठवला आणि नऊ पिल्ले आणली. मासे सुधारले. जिना तसाच राहिला.

~~कलम पाच. खालच्या दोन खोल्या माझ्यामागे माझ्या धाकट्या भावाला मिळाव्यात.~~

(वरील कलमावर मी स्वतः रेघ मारली आहे. शेजारी सही आहे. कारण पुढीलप्रमाणे.)

हे कलम लिहून झाले तेव्हा मला हलके वाटले. वकिलांना म्हणालो, साक्षीला भावालाच बोलावतो. ते म्हणाले, "ज्याला मिळणार, त्यानं साक्ष करायची नसते." मी घरी येऊन पत्नीला कलम वाचून दाखवले. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या घराण्यात ऐंशीच्या आत कोणी जात नाही. तोवर भाऊजींनी काय, फटीत बसून राहायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माशांना पहिला दाणा घालून मी बाहेरून फिरून मागच्या दाराशी गेलो. भावाने दार उघडले आणि मला बघून त्याचा चेहरा उतरला.

"वहिनी बरी आहे ना?"

"बरी आहे. मासे तुझ्या हातानं मेले नव्हते."

"मला माहीत आहे, दादा."

"मग नऊ वर्षं बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? तू सांगितलंस."

मी आत जाऊन कपाटाचे एक टोक धरले. तो म्हणाला, "कंबर सांभाळ. वहिनीनं सगळं सांगितलंय मला." म्हणजे या घरात नऊ वर्षे न बोलणारे आम्ही दोघेच होतो. कपाट सरकले. दार फुगले होते, खांदा लावावा लागला.

आठ दिवसांनी आम्ही दोघे जाऊन खालच्या खोल्यांचा कागद करून आलो. त्या आता माझ्या नाहीत, म्हणून मृत्युपत्राने त्या देण्याचा मला अधिकार उरलेला नाही आणि कलम पाच निकामी झाले आहे. या कागदाने माझ्या भावाला काहीही मिळत नाही. त्यामुळे तो साक्षीदार होऊ शकतो, आणि वकिलांचीही हरकत नाही. आज सकाळी तो आतल्या जिन्याने वर आला आणि सही करण्याआधी, कोणी न सांगता, नळाखाली हात धुऊन आला. मग म्हणाला, "आता काच पुसू का?" पुसून झाल्यावर आम्ही दोघांनी मासे मोजले. नऊ.

ठिकाण: राहते घर, वरचा मजला, टाकीसमोर.
तारीख: शनिवार, ८ फेब्रुवारी, सकाळचा दुसरा दाणा घातल्यावर.

लिहून ठेवणार: (सही) पंपवाला.

साक्षीदार पहिले: (सही) मासेवाले काका. सही करणाऱ्याचे डोके ठिकाणावर असल्याचे मी पाहिले.

साक्षीदार दुसरे: (सही) धाकटा भाऊ, रंगारी. राहणार खालचा मजला, स्वतःचे घर.