मोगऱ्यापर्यंत बावीस हात

आकुर्डी, ता. हवेली
मंगळवार, १९ नोव्हेंबर १९५७

प्रिय दौलू,

सप्रेम नमस्कार. गुडघे सोडले तर बाकीचा मी मजेत आहे. यशोदावहिनींचा खोकला थंडीत उठतो हे मला ठाऊक आहे. त्यांना ज्येष्ठमधाची कांडी तोंडात धरायला सांग. तू मात्र औषध म्हणून विडी ओढणं आता बंद कर.

तुझं मुखत्यारपत्र मागच्या गुरुवारी मिळालं. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहितोस, ‘घर विकायचं काम तुझ्यावर सोपवलं. तू लिहिशील तिथं माझी सही समज.’ शाळेत एखादी ओळ आवडली की मी ती मुलांकडून दोनदा म्हणवून घेत असे. ही ओळ मी एकट्यानं चार वेळा वाचली, आणि चष्मा काढून ठेवला.

गिऱ्हाईक चांगलं आहे. मारुतराव नावाचा बीडकडचा तरुण, पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात कामाला. सायकलवरून येतो-जातो. बायको रंभा. आणि म्हातारी आई, तिला दिसत नाही. तिघं सध्या चिंचवडला एका खोलीत राहतात. तुझं घर बघायला आले तेव्हा म्हातारीनं भिंतींवरून हात फिरवत सगळं घर पाहिलं आणि म्हणाली, “भित्ताडं गार हैत. हितं माणसं बरी व्हती.” तेव्हा मला तुम्हा दोघांची फार आठवण झाली.

गाव आता ओळखू येत नाही, दौलू. शाळेच्या खिडकीतून आपल्याला जोंधळ्याची कणसं दिसायची. पाखरांवरची कविता चालू असली की पाखरंच खिडकीत येऊन बसायची आणि मुलांना वाटायचं, मास्तरांनी बोलावली! आता भोंगा होतो आणि सायकलींची रांग लागते. तरी मला ती रांग आवडते. कुणीतरी गावात राहायला येतंय, एवढं पुरे.

व्यवहाराचं सांगतो. चिंचवडचे मालोजीराव वकील कागद बघताहेत. त्यांनी मला बाकावर उभं करून पाठ विचारावा तसं विचारलं. घरावर बोजा आहे का? नाही. कुणा भाऊबंदाचा हिस्सा? नाही, तू स्वतः सावित्रीबाईंकडून विकत घेतलंस. कूळ? नाही. घरपट्टी? भरली, पावती दिली. मी म्हटलं, “सातबारा आणू का?” तर हसले. “मास्तर, गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. इथं जुनं खरेदीखत हाच पुरावा. त्यात चतुःसीमा लिहिल्यात तेवढं घर. घर कुठं संपतं आणि शेजाऱ्याचं कुठं सुरू होतं, ते त्यात असतं.”

तुझं खरेदीखत मीच लिहिलं होतं हे तुला आठवत असेल. साल तेवीस. तीस वर्षांचा होतो, आणि रुक्ष काही लिहायला हात वळत नसे. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस देवळाची भिंत, इथवर ठीक. पण उत्तरेला माझं अंगण, आणि मध्ये कुंपण नव्हतं. तर मी लिहिलं, ‘उत्तरेस मास्तरांचे अंगण, त्यांच्या कुटुंबाने लावलेल्या मोगऱ्यापर्यंत, रुंदी बावीस हात.’ रजिस्ट्रारच्या कारकुनानं विचारलं होतं, “मास्तर, हे खरेदीखत आहे का कविता?” तू न वाचता सही केलीस. म्हणालास, “ज्योतीरामानं लिवलंय ना, मग झालं.”

परवा रविवारी मोजणी झाली. दोरीचं एक टोक देवळाच्या भिंतीला मारुतरावानं धरलं, दुसरं माझ्या पडवीच्या भिंतीला मी. अठरा हात भरले.

मारुतराव म्हणाला, “मास्तर, कागदावर तर बावीस हैत. चार हात कुटं गेले वो?”

रंभा म्हणाली, “आवो, त्या अंगाला आत्याबाईची खोली काढायची म्हनलं होतं ना? चार हात न्हाईत तर खाट कुटं टाकायची? पडवीत उशाला सासू अन् पायथ्याला शेळी?”

सगळे माझ्याकडं बघू लागले. मी म्हणालो, “जुनी मापं. तेव्हाचे हात मोठे असायचे.” आणि हसलो. कुणी हसलं नाही. मारुतराव म्हणाला, दोन-तीन दिवसांत काय ते सांगा, खोली होणार नसेल तर चिखलीला दुसरं घर बघून ठेवलंय.

तुझी काळजी मला कळते. गिरणीची खोली डिसेंबरअखेर सोडायची आहे, आणि हे पैसे हातात आल्याशिवाय सोलापुरात दुसरी खोली मिळणार नाही. या वयात वहिनींना घेऊन कुणाच्या दारात उभा राहणार आहेस? काळजी करू नकोस. काहीतरी मार्ग निघेल. हवा इथं छान आहे, हुरडा अजून आला नाही.

बुधवार, दुपारी

काल हुरड्यापाशी पत्र थांबवलं. मुलगा गणितात अडला की वहीच्या कडेला वेल काढत बसतो, तसं माझं चाललं होतं. आता गणित करतो.

मोगरा चालतो, दौलू. म्हणजे पायानं नाही. तो लावला मंजुळेनं, आणि दर पावसाळ्यात तीच त्याची एक फांदी वाकवून मातीत दाबायची, वर दगड ठेवायची. तिथं मुळं धरली की नवं झुडूप व्हायचं, आणि जुनं म्हातारं होऊन वाळायचं. दक्षिणेकडं ऊन चांगलं, म्हणून ती नेहमी तुझ्या अंगाला फांदी वाकवायची. तू साल एकतीसला सोलापूरला गेलास, घराला कुलूप लागलं. सात वर्षांत मोगरा चार हात पुढं सरकला होता.

अडतीस साली मी पडवी बांधली. संध्याकाळी मुलांना कविता शिकवायला जागा हवी होती. पाया आखताना कोंडाजी सुतार म्हणाला, “मास्तर, हद कुटवर?” मी बोट दाखवलं. “मोगऱ्यापर्यंत.” कागदात तसंच होतं, आणि कागद माझ्याच हातचा होता. पण मूळ झुडूप कुठं होतं ते मला ठाऊक होतं. बावीस हात मीच मोजले होते, तेवीस साली, तुझ्यासमोर. हा विसर नव्हता, दौलू. मी मनात म्हटलं, घर बंद आहे, दौलू काय येतोय, आणि आला तरी काय म्हणणार आहे?

तू आलास एकेचाळीसच्या दिवाळीत. त्याच पडवीत बसलास, चकली खाल्लीस, म्हणालास, “झकास जागा केलीस रे मास्तरा.” तू गेल्यावर मंजुळा कपबशा उचलत म्हणाली, “त्यांच्याच जागेत बसवून त्यांना चहा पाजला आपण. वर आभार बी त्यांनीच मानले.” मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. ती खरं बोलली होती म्हणून.

काल दुपारी मालोजीरावांकडं जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि पान लावलं.

“मास्तर, तुम्ही उगाच घाबरताय. पहिली गोष्ट, माप आणि चतुःसीमा यांत फरक पडला तर कोर्ट बहुतेक चतुःसीमाच धरतं. मोगरा म्हटलंय, मोगरा तिथं आहे. दुसरी गोष्ट, पडवीला किती वर्षं झाली?”

“एकोणीस.”

“बारा वर्षं उघड कब्जा, कुणाची हरकत नाही. कायद्यानं ती जागा तुमचीच म्हणता येईल. आणि तिसरी.” इथं ते हसले. “शेजारी तुम्हीच, अन् दौलतरावांचे मुखत्यारही तुम्हीच. मग तंटा कुणाशी? नव्या खतात अठरा हात लिहा, त्यांच्या वतीनं सही करा, किंमत थोडी कमी घ्या. ते सोलापुरात बसून दोरी लावणार आहेत होय?”

मी म्हटलं, “आणि म्हातारीची खोली?”

“ती तुमची कोण?”

उठलो, चिंचवडहून चालत घरी आलो. वाटेत एकच गोष्ट डोक्यात होती. तू माझं लिहिलेलं आजवर कधी वाचून पाहिलं नाहीस. तुझ्यासमोर मी खोटं बोललो असतो तर तू निदान माझा चेहरा पाहिला असतास. या मुखत्यारपत्रानं तू मला तीही अडचण ठेवली नाहीस.

एक गोष्ट सांगायची टाळतो आहे, तीही सांगून टाकतो. मंजुळेची शेवटची खाट त्या पडवीत होती. एकोणपन्नासचा उन्हाळा. आत तिला गुदमरायचं. मी उशाशी बसून तिला कविता म्हणून दाखवायचो, आणि मी मुद्दाम चुकलो की ती डोळे मिटूनच बरोबर ओळ सांगायची. ती जागा मला पाडायची नव्हती. म्हणून रविवारी हात मोठे असल्याचं सांगितलं. लबाडी होती, पण निव्वळ चार हात जमिनीसाठी नव्हती, एवढं तरी मनात धर. धरलं नाहीस तरी चालेल.

आज सकाळी कोंडाजीला बोलावून आणलं. तोही आता वाकलाय. पडवी उतरव म्हटल्यावर माझ्याकडं बघतच राहिला.

“मास्तर, अवं गेल्या साली तर शाकारली. वाळवी न्हाई, काय न्हाई. कशापायी पाडायची?”

“जागा माझी नाही.”

“मग कुनाची हाय?”

“दौलूची.”

“त्यो तर इकून चाललाय! अन् एकोनीस साल काय झोपला व्हता का त्यो?”

“तो झोपला नव्हता. त्यानं विश्वास टाकला होता.”

कोंडाजीनं वर हात घालून एक वासा ठोकून पाहिला. मग म्हणाला, “वासे चांगलं हायती. त्या बीडवाल्याच्या खोलीला चालतील. मजुरी तेवढी द्या.” आत्ता हे लिहितोय आणि तो वर चढून कौलं उतरवतोय. धूळ कागदावर पडतेय, अक्षर किरटं आलं तर तेवढ्यासाठी माफ कर.

मारुतरावाला सांगून आलो. रंभानं ऐकलं आणि म्हणाली, “आमच्यापायी नगा पाडू, मास्तर.” मी म्हटलं, तुमच्यासाठी नाही पाडत. मग तिनं मला गूळ-पाणी दिलं आणि म्हातारीला मोठ्यानं सांगितलं, “आत्याबाई, खोली व्हनार!” चिखलीच्या घराचं नाव कुणी काढलं नाही. इसाराचे पैसे मारुतराव उद्या देतो म्हणाला.

आता कागदाचं. चिंचवडहून येताना मालोजीरावांनाही गाठलं. मालोजीरावांकडून मी वेगळा कबुलीजबाब लिहून घेतो आहे: पडवीखालची चार हात जागा पहिल्यापासून दौलतरावांची, माझा तिच्यावर हक्क नाही, पुढं माझे वारसही सांगणार नाहीत. साक्षीदार कोंडाजी. नव्या खतात देवळाच्या भिंतीपासून बावीस हात मोजून दगड पुरायचा आणि दगडच लिहायचा. झाडाफुलाचं नाव नाही. मालोजीराव म्हणतात, मास्तर, तुम्ही हट्टी आहात. पोरंही हेच म्हणायची.

नोंदणी पुण्याला, सोमवारी २ डिसेंबरला, दुपारी. हे पत्र तुला शनिवारपर्यंत मिळेल. मुखत्यारपत्र माझ्या पेटीत आहे. आता सगळं तुझ्या कानावर घातलं. ज्या माणसानं तुझी जागा दाबली, त्यानं तुझी सही करावी असं तुला वाटत नसेल, तर एक तार कर. ‘नको’ एवढा एक शब्द. कायद्याला तो पुरेल की नाही ठाऊक नाही, मला पुरेल. मग वहिनींना घेऊन तू स्वतः ये. गाडीभाडं माझ्याकडं, आणि जेवायला पिठलं-भाकरी, कारण एवढंच मला येतं.

तार आली नाही तर मी सही करीन. आधी सगळं खत मोठ्यानं वाचीन, रजिस्ट्रार कंटाळला तरी. लगेच पैसे मनिऑर्डरनं निघतील, आणि सोबत पुरी नक्कल, तुझ्यासाठी. ही तरी वाचून बघ, दौलू. एकदा तरी माझं लिहिलेलं तपासून बघ.

वहिनींना नमस्कार. राग आला तर लिही, गप्प राहू नकोस.

सोमवार दुपारपर्यंत तुझा शेजारी,
ज्योतीराम